हात, पाणी आणि उत्तरदायित्व : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक कलाविचार

१.

मराठी समीक्षेने पाण्याचा विचार केला तो मुख्यतः प्रतिमा म्हणून. नदी, डोह, पाऊस, विहीर यांची प्रतिमासृष्टी, त्यांचे आदिबंधात्मक अर्थ, संतकाव्यापासून नवकाव्यापर्यंत त्यांत झालेली स्थित्यंतरे यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाणी हा कलेचा आशय आहे, तिची सामग्री नव्हे, हे ते गृहीत होय. साहित्याचे माध्यम भाषा असल्यामुळे हे गृहीत स्वाभाविक वाटते. परंतु त्यामुळे एक प्रश्न उपस्थितच होत नाही. पाण्याला प्रत्यक्ष हात लावून, माती, दगड, तंतू यांच्याशी त्याचा मेळ घालून जी निर्मिती होते, ती करणाऱ्याचे पाण्याशी जडणारे नाते केवळ ऐंद्रिय असते, की त्याला काही नैतिक परिमाणही असते?

आज हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणविषयक शिक्षण अभ्यासक्रमात आणण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतरच्या काळात कला हे पर्यावरणशिक्षणाचे एक सोयीचे साधन होऊन बसले. चित्रस्पर्धा, शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा, टाकाऊतून टिकाऊ वस्तूंची प्रदर्शने यांमागे एक समान श्रद्धा दिसते : हाताने काही केले की पाण्याविषयीची, निसर्गाविषयीची जाण आपोआप येते. या श्रद्धेची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा प्रदेश निवडला आहे. पाण्याशी निगडित हस्तनिर्मितीची सुमारे दोन हजार वर्षांची परंपरा आणि पाण्याच्या वाटपाचा आधुनिक पेच, ही दोन्ही येथे एकाच भूगोलात शेजारी शेजारी आढळतात.

२.

प्रथम पेचाचे स्वरूप पाहू. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या या भागातून कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात पाऊस मुबलक पडतो. पूर्वेकडे जावे तसतसा तो उणावत जातो. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे बांधण्यात आली. त्यांचे पाणी या दोन तालुक्यांच्या सखल भागाला मिळतेच. शिवाय ते कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशा दूरच्या तालुक्यांपर्यंत जाते. ते तेथे जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. अवर्षणप्रवण भागाचा पाण्यावरील हक्कही न्याय्यच आहे. परंतु घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात खुद्द आंबेगाव हे गाव बुडाले. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्यावस्त्यांना पावसाळ्यात धो धो पाऊस झेलूनही उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसावी लागते.

अशा एखाद्या वाडीच्या शाळेत 'पाणी वाचवा' या विषयावर चित्र काढावयास सांगितले जाते असे समजू. चित्राचे संकेत ठरलेले आहेत : गळणारा नळ, थेंबात बसविलेली पृथ्वी, तडे गेलेली जमीन, कोमेजलेले झाड. ज्या मुलीच्या घरी नळ नाही आणि जिची आई उतारावरच्या झऱ्यावरून हंडा डोक्यावर आणते, ती मुलगी नळाची तोटी बंद करणारा हात रंगवते. हे चित्र कलादृष्ट्या सामान्य आहे एवढेच म्हणून समीक्षकाला थांबता येणार नाही, कारण त्यात एक नैतिक उलथापालथ झालेली आहे. सर्वांत कमी पाणी वापरणाऱ्याकडून अपव्ययाचा पश्चात्ताप करवून घेतला जातो, आणि पाणी कोठून कोठे, कोणाच्या निर्णयाने जाते हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. उपदेशाचा विषय खरा असूनही उपदेशाचा पत्ता चुकलेला असतो.

येथे हात काम करीत नाही काय? करतो, परंतु तो संकेतांची नक्कल करणारा हात आहे. त्याची गाठ पाण्याशी पडलेली नाही. ती पडली आहे पाण्याच्या आधीच तयार असलेल्या चिन्हाशी. तेव्हा 'हाताने करणे' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे पहिले अनुमान काढता येते. हाताची गाठ कशाशी पडते, हा खरा प्रश्न आहे.

३.

या प्रश्नाचा विचार करताना पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रातील दोन भिन्न दिशांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कॉलिंगवुड यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथात कारागिरी आणि कला यांत भेद केला. कारागिराला साध्य अगोदर ठाऊक असते आणि सामग्री हे केवळ साधन असते. कलावंताला मात्र आपण काय निर्माण करीत आहोत हे निर्मितीच्या ओघातच उमगते. याउलट ड्यूई यांनी 'आर्ट ॲज एक्स्पीरिअन्स' (१९३४) मध्ये करणे आणि सोसणे यांच्या परस्परबद्ध लयीत कलानुभवाचे मूळ शोधले. सामग्रीवर आपण क्रिया करतो आणि सामग्री आपल्यावर प्रतिक्रिया करते. या देवाणघेवाणीतून आकार सिद्ध होतो. पुढे गास्ताँ बाशलार यांनी 'पाणी आणि स्वप्ने' (१९४२) या ग्रंथात रूपनिष्ठ कल्पनाशक्तीहून वेगळी अशी द्रव्यनिष्ठ कल्पनाशक्ती मानली, आणि ओली माती मळणाऱ्या हाताला तीत महत्त्वाचे स्थान दिले. मळणारा हात डोळ्यापेक्षा वेगळ्या रीतीने कल्पना करतो, कारण त्याला द्रव्याचा मऊपणा आणि हट्ट दोन्ही एकाच वेळी जाणवतात.

मराठीत मर्ढेकरांच्या लयविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे आहेत. परंतु तेथील विरोध हा संवेदना-संवेदनांमधील आहे. द्रव्य आणि कर्ता यांच्यातील विरोधाला, म्हणजेच द्रव्याच्या प्रतिकाराला, त्या उपपत्तीत जागा नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांमध्ये कलाविचाराची मांडणी केली. पाण्याशी निगडित हस्तनिर्मिती यांपैकी कोणत्याच ध्रुवावर नीट बसत नाही. तिचे प्रयोजन उघडच लौकिक आहे. पण ते प्रयोजन सिद्धीस जाण्यासाठी कर्त्याला स्वतःची इच्छा काही काळ बाजूला ठेवावी लागते, आणि ही अलिप्तता अलौकिकतावाद्यांना अभिप्रेत असलेल्या वृत्तीच्या बरीच जवळची आहे.

जुन्नरच्या लेण्यांतील पाण्याची टाकी हे याचे उत्तम उदाहरण. तुळजा, मानमोडी, लेण्याद्री आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक खोदकामे आहेत आणि अनेक विहारांच्या शेजारी कातळात कोरलेली टाकी आहेत. बसाल्टचा कातळ सर्वत्र एकजिनसी नसतो. लाव्हाच्या थरांमधील सांधे, भेगा, सच्छिद्र पट्टे यांमुळे कोठे पाणी पाझरेल आणि कोठे साठेल हे छिन्नीचे घाव घालतानाच कळत जाते. एक भेग उघडी पडली की टाके पाणी धरीत नाही. म्हणजे साध्य अगोदर ठाऊक असूनही रूप अगोदर ठाऊक नसते. कॉलिंगवुड यांच्या व्याख्येप्रमाणे ही कारागिरी ठरावी. पण त्यांनी कलेसाठी राखून ठेवलेले लक्षण, निर्मितीच्या ओघात होणारा शोध, हेही तिच्यात पूर्णपणे आहे. हा शोध कर्त्याच्या मनातील भावनेचा नाही. तो पाण्याच्या आणि दगडाच्या स्वभावाचा आहे, एवढाच फरक.

द्रव्याच्या प्रतिकारातून मिळणाऱ्या या ज्ञानाचे नैतिक मूल्य कोणते? आपल्याबाहेर असे काही आहे की जे आपल्या इच्छेप्रमाणे वागत नाही आणि ज्याच्याशी जुळवून घ्यावे लागते, ही जाणीव कोणत्याही नीतिविचाराची पहिली पायरी आहे. चिन्ह प्रतिकार करीत नाही. ते हवे तसे वापरता येते. थेंबातली पृथ्वी काढणाऱ्याला पाणी कधीच 'नाही' म्हणत नाही.

४.

परंतु प्रतिकाराची जाणीव पुरेशी नाही. दगडाशी झुंजणारा मनुष्य स्वतःच्या उपभोगासाठीही टाके खोदू शकतो. म्हणून दुसऱ्या एका संबंधाचा विचार केला पाहिजे. तो म्हणजे देयाचा.

मानमोडी डोंगरावरील एका ब्राह्मी लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाची नोंद आहे. ४६ व्या वर्षी दिलेल्या या दानात दोन गोष्टींचा निर्देश आहे : पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप. लेखात टाके प्रथम येते. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्याची नोंद आहे. तेथे तर केवळ टाकीच दान दिलेली आहेत. दोन्ही लेखांत 'देयधर्म' हाच शब्द येतो.

आधुनिक कलेतिहासाने या वारशाची जी प्रतवारी केली ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. चैत्यांची दर्शनी बाजू, स्तंभ, शिल्पपट्ट यांचे सूक्ष्म विश्लेषण होते. टाक्याची नोंद बहुधा मोजमापापुरती होते. ज्यांनी ती घडविली आणि दिली त्यांना मात्र ही प्रतवारी ठाऊक नव्हती. त्यांच्या दृष्टीने मंडप आणि पोढी ही एकाच धर्माची दोन रूपे होती. म्हणजे येथे निर्मितीचे मूल्य तिच्या रूपाच्या पूर्णतेत जसे आहे तसेच ती कोणाला दिली जाते यातही आहे. पाण्याचे पात्र रिकामे घडवायचे आणि ते अनोळखी वाटसरूने, भिक्षूने, पुढच्या पिढीने भरलेले पाहायचे, हा त्या कृतीचा आशय आहे. याला परोपकाराची भावना म्हणून सोडून देता येणार नाही. गळणारे टाके हे दान होऊच शकत नाही; तेव्हा येथे कौशल्यातील उणीव ही नैतिक उणीवही ठरते, आणि रूप व नीती यांचा सांधा याच ठिकाणी जुळतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या विवेचनापासून दूर राहता येणार नाही, कारण त्याच्या पुढ्यातील संहितेचाही या पाण्याशी संबंध आहे. जुन्नरी कागद हा एके काळी मराठी मुलखात नावाजलेला कागद होता. जुने तंतू भिजवून, कुटून, चुन्याच्या आणि वाहत्या पाण्याच्या साह्याने धुऊन, हौदातल्या लगद्यातून चटईसारख्या साच्यावर पातळ थर उचलून, वाळवून, खळ देऊन आणि घोटून तो तयार होई. कागदी समाजाच्या या व्यवसायात पाणी हे प्रमुख द्रव्य होते. साच्यावरून ते निथळण्याची गती हाताने ओळखणे, हेच त्यातील कसब. दौलताबादी आणि जुन्नरी अशा कागदांवर मोडी दफ्तरे आणि पोथ्या लिहिल्या गेल्या. वाङ्मयाला आपण 'अक्षर' म्हणतो, अविनाशी मानतो. त्या अक्षराखालची पाठ मात्र निथळलेल्या पाण्याने आणि कोणाच्या तरी भिजलेल्या हातांनी सिद्ध केलेली असते. संहितेचा भौतिक इतिहास दृष्टीआड करणारी समीक्षा हे ऋणही दृष्टीआड करते.

५.

तिसरा संबंध विसर्जनाचा. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. तेव्हा गणेशमूर्तीचा विचार येथे उपरा ठरू नये. पार्थिव पूजेत मूर्ती मातीची असते आणि पूजेनंतर ती पाण्याला परत दिली जाते. कलाकृती टिकावी, संग्रहित व्हावी, या अपेक्षेला येथे मुळातच नकार आहे. मूर्ती 'क्षर' आहे आणि क्षर असणे हीच तिची पूर्तता आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीने हा संबंध तोडला. ती सुबक होते, स्वस्त पडते, परंतु पाण्यात सहजी विरघळत नाही. तिचे रंग आणि गाळ मागे उरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि पुन्हा सुधारून २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच कारणाने.

त्यावर उपाय म्हणून शाळाशाळांतून शाडूच्या मूर्ती करविल्या जातात. हा प्रकार पोस्टरपेक्षा निश्चितच वरच्या प्रतीचा आहे, कारण मुलाचा हात ओल्या मातीत जातो. पाणी थोडे अधिक झाले तर सोंड खचते, कमी झाले तर तडा जातो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तथापि येथेही एक प्रश्न शिल्लक राहतो. महाराष्ट्रात वापरली जाणारी शाडू माती मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून येते. म्हणजे जी माती आपल्या नदीला परत द्यावयाची ती आपल्या नदीची नसतेच. ती दुसऱ्या कोणाच्या तरी भूमीतून खणून आणलेली असते. शिवाय विरघळणारी मातीही शेवटी तळाशी बसतेच. 'परत देणे' या शब्दाचा अर्थ नीट घ्यावयाचा तर माती कोठून घेतली हा प्रश्न विचारावाच लागेल. पर्यावरणनिष्ठ कलेची नैतिकता सामग्रीच्या नावावरून ठरत नाही. सामग्रीच्या प्रवासाचा हिशेब कर्ता ठेवतो की नाही, यावर ती ठरते.

६.

या भूमिकेवर दोन महत्त्वाचे आक्षेप संभवतात. पहिला कलेच्या स्वायत्ततेचा. कांट यांनी 'क्रिटीक ऑफ जजमेंट' (१७९०) मध्ये सौंदर्यनिर्णय हितसंबंधांपासून मुक्त असतो असे प्रतिपादन केले. मग टाके, मूर्ती, कागद यांचे मूल्यमापन देय आणि विसर्जन या निकषांवर करणे म्हणजे कलेवर बाह्य मूल्ये लादणे नव्हे काय? याला उत्तर असे की, हे निकष बाहेरून आलेले नाहीत. पाणी हे ज्या निर्मितीचे द्रव्य आहे तिच्यात इतरांचा वाटा द्रव्याबरोबरच येतो. रंगाची नळी माझी असू शकते. प्रवाह माझा असू शकत नाही, कारण त्याला वरचे आणि खालचे गाव असतेच. पाण्याला हात लावणारा कलावंत म्हणूनच, इच्छा असो वा नसो, दुसऱ्याच्या हिश्शाला हात लावीत असतो.

मुंबईच्या चित्रकर्ती नवजोत अल्ताफ यांनी छत्तीसगडमधील कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलावंतांसह केलेले 'नळपार' हे काम या दृष्टीने बोलके आहे. हातपंपाभोवतीची जागा त्यांनी अशी घडविली की पाणी भरणाऱ्या स्त्रियांना घागर टप्प्याटप्प्याने उचलता यावी, सांडलेले पाणी साचू नये, आणि त्या जागेचे आकारही त्यांच्याच दृश्यपरंपरेतून यावेत. ग्रँट केस्टर यांनी अशा कामांना संवादनिष्ठ कलेच्या चौकटीत पाहिले आहे. येथे उपयोग आणि रूप यांना वेगळे काढता येत नाही. पायरीची उंची हा एकाच वेळी सौंदर्याचा आणि एका स्त्रीच्या मानेवरील भाराचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाताचे असे गौरवीकरण म्हणजे श्रमाचे काव्यीकरण नव्हे काय? आंबेगावच्या पश्चिम भागात 'पडकई' ही रीत आहे. एकमेकांच्या जमिनीवर पाळीपाळीने सामूहिक श्रम करून, उतारावर दगडमातीचे बांध रचून भातखाचरे तयार केली जातात. पाण्याला अडवायचे, पण कोंडायचे नाही, हे शहाणपण तिच्यात आहे. पडकई आणि डिंभे जलाशयातील मासेमारी यांबाबत धरणग्रस्त आदिवासींबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रत्येक कौशल्याला कला म्हणावे असा येथे आग्रह नाही. परंतु प्रतिकार आणि देय हे दोन्ही संबंध पडकईत आहेत, हे नाकारता येणार नाही.

याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. अतिवृष्टी, तीव्र उतार, मातीचा जाड थर आणि जमिनीच्या वापरातील बदल अशी कारणे चर्चेत आली. यंत्रांनी उतार सपाट करण्याच्या पद्धतीवरही वाद झाला. या घटनेतून 'हात चांगला, यंत्र वाईट' असा सोपा धडा काढणे हे मृतांच्या बाबतीत अनुचित आणि विचाराच्या दृष्टीने उथळ ठरेल. हाताने घडविलेले प्रत्येक रूप डोंगराशी सुसंवादीच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. आणि दारिद्र्यामुळे उतारावर राबावे लागणाऱ्याला सौंदर्यशास्त्राने धन्यवाद देऊन त्याचा प्रश्न सुटत नाही. हाताचा एकच लाभ खात्रीने सांगता येतो. त्याची गती मंद असते, आणि त्या मंदपणामुळे द्रव्य जे सांगते ते ऐकण्यास अवधी मिळतो. त्या अवधीचा उपयोग करणे न करणे हे कर्त्यावर, आणि त्याहून अधिक त्याच्या भोवतीच्या समाजव्यवस्थेवर अवलंबून असते.

७.

या विवेचनातून समीक्षेसाठी एक निकष सुचविता येतो. पाण्याविषयीच्या कलेसमोर आपण सामान्यतः 'ही कृती पाण्याविषयी काय सांगते?' असा प्रश्न विचारतो. त्याऐवजी 'ही कृती कोणाच्या पाण्याला हात लावते, आणि तिचा कर्ता कोणाला उत्तर देण्यास बांधला जातो?' असे विचारले पाहिजे. द्रव्याचा प्रतिकार, दुसऱ्याला द्यावयाचे देय आणि शेवटी करावयाचे विसर्जन हे तिन्ही संबंध जेथे जिवंत असतात तेथे हस्तनिर्मिती ही उत्तरदायित्वाची साधना होऊ शकते. त्यांचा अभाव असेल तर तीच निर्मिती घोषणेची सजावट होते.

वाडीतल्या त्याच शाळेत पोस्टरऐवजी अंगणातल्या ओल्या मातीत आपल्या खोऱ्याचा उठाव करण्यास सांगितले, तर काय होईल? मुले डोंगराची धार काढतील, ओढे कोरतील, धरणाची भिंत घालतील आणि वरून तांब्याभर पाणी सोडतील. भिंत एकदा-दोनदा फुटेल. मग पाणी चढू लागेल आणि आजीने सांगितलेल्या जुन्या गावाची जागा कोणती ते मुलांच्या डोळ्यांदेखत बुडेल. कालव्याची रेघ ओढली की पाणी अंगणाबाहेर जाईल आणि डोंगरावरची त्यांची वाडी कोरडी राहील. तेव्हा एखादे मूल विचारील की पाणी इकडे का येत नाही. या प्रश्नाचे उत्तर मातीत नाही. ते पाणीवाटपाच्या निर्णयांत, पुनर्वसनाच्या कागदपत्रांत, राजकीय बळाच्या विषमतेत आहे, आणि ते देण्याचे काम कलेचे नाही. परंतु नळाच्या चित्राने जो प्रश्न अशक्य केला होता तो येथे शक्य होतो, आणि तो विचारणाऱ्याने आपले हात त्यात घातलेले असतात. एखाद्या कलाव्यवहाराकडून नैतिक अर्थाने एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. त्याहून अधिक दावा करणाऱ्या कलेकडे समीक्षेने साशंकतेनेच पाहिले पाहिजे.